कार्डाला गम लावायच्या आधी कागद हातात घेऊन बघा

मागच्या येळवशीच्या आधी एका मैत्रिणीनं पंचवीस कार्डं करून मागितली. तिच्या नवऱ्याच्या ऑफिसातली मंडळी पुण्याकडची, त्यांना शेतावर बोलवायचं होतं, अन् नुसता व्हॉट्सॲपवर मेसेज टाकून भागणार नाही, हातानं केलेलं काहीतरी पाहिजे असं तिचं म्हणणं. ज्यांना येळवस माहीत नाही त्यांच्यासाठी, ही आमची वेळ अमावस्या, मार्गशीर्षातली, त्या दिवशी लातूर-धाराशिवकडची गावंच्या गावं शेतात असतात, कडब्याची कोप, म्हणजे छोटी खोपटी, करून पूजा होते, आंबिल-भज्जीवर ताव मारतात, अन् एरवी पाय ठेवायला जागा नसलेल्या लातूरच्या गंजगोलाई बाजारात दुपारी शुकशुकाट असतो. तर मी ठरवलं की कार्डावर कडब्याचीच कोप करायची. ज्वारीच्या धांड्याची साल सोलायची, दोन-दोन इंचाचे तुकडे करायचे, तिरके टेकवून लावायचे, झाली कोप. रात्री दोनपर्यंत जागून पंचवीसच्या पंचवीस केली, पांढरा गम भरपूर थापला, अन् सकाळी बघते तर अर्ध्या कोपी कार्डावरून खाली उतरलेल्या अन् कार्डं धनुष्यासारखी वाकलेली. सासूबाई म्हणल्या, "रातभर हेच करुलालीस होय गं?"

चूक गमची नव्हती, माझी होती. धांड्याची साल बाहेरून चकचकीत असते, तिच्यावर मेणासारखा थर असतो, अन् मी गम नेमका त्याच बाजूला लावला होता. आतली बाजू खरबरीत, गर असलेली, ती गम पिते, ती मी वर ठेवली कारण मला तिचा पांढरा रंग आवडला. अन् कार्डं वाकली ती गमातल्या पाण्यानं. त्या दिवसापासून मी गम घ्यायच्या आधी दोनच गोष्टी बघते, या गमात पाणी किती, अन् ज्या दोन वस्तू चिकटवायच्यात त्यातली निदान एक तरी ते पाणी पिते का. बाकी सगळं यातूनच निघतं.

जरा नीट सांगते. आपण ज्याला सरसकट फेविकॉल म्हणतो तो पांढरा गम म्हणजे पॉलिव्हिनाइल ॲसिटेट, त्याचे बारीक बारीक कण पाण्यात तरंगत असतात, म्हणून तो दुधासारखा पांढरा दिसतो. पाणी उडालं किंवा कागदानं शोषलं की ते कण एकमेकांना भिडतात अन् पारदर्शक पापुद्रा होतो. म्हणजे गम पांढरा दिसतोय तोवर तो वाळलेला नाही, हे डोळ्यानं कळतं, घड्याळ बघायची गरज नाही. आता कागदावर प्लास्टिकचा मोती लावला तर खालचा कागद पाणी पितो म्हणून काम थोडंफार होतं, पण मोत्याच्या बाजूनं पकड लागत नाही, नखानं टकटक केलं की निघतो. अन् प्लास्टिकवर प्लास्टिक, काचेवर काच, लॅमिनेट केलेल्या कार्डावर आरसा, अशा ठिकाणी तर पाण्याला जायला वाटच नाही, दोन-दोन दिवस खाली पांढरं तसंच राहतं.

कागद वाकतो का तर कागदाचे तंतू पाणी प्यायले की लांबीला फारसे वाढत नाहीत, जाडीला फुगतात. मशीनवर बनलेल्या कागदात बहुतेक तंतू एकाच दिशेनं झोपलेले असतात, त्यामुळं तो एका दिशेला जास्त पसरतो, वाळताना परत आकसतो, अन् एकाच बाजूला गम लागला असला की कार्ड त्या बाजूला ओढलं जातं. यावर इलाज तीन, गम कमी लावा, कमी पाण्याचा लावा, नाहीतर लावल्याबरोबर वजनाखाली दाबा. मी तिन्ही करते. आमच्याकडं जुना पाटा आहे, मिक्सर आल्यापासून त्याला दुसरं काम नाही, कार्डावर कोरा कागद, त्यावर पुठ्ठा, त्यावर पाटा, रातभर. डिक्शनरी, दहावीची गाईडं, काहीही चालतं, फक्त सपाट पाहिजे अन् खालून गम बाहेर आला तर चिकटू नये म्हणून मधे दुधाच्या पिशवीचं धुतलेलं प्लास्टिक टाका.

आता एकेक गम.

पांढरा गम हा पाया आहेच, पण तो थापायचा नसतो. कार्डासाठी फेविकॉलचा एमआर घ्या, लहान बाटलीत मिळतो, सुताराकडचा एसएच दाट असतो, तो पुठ्ठ्याच्या डब्यासाठी, पाकिटाच्या जाड बॉक्ससाठी ठीक. बाटलीचं नोझल मोठं असतं, त्यातून थेंब नाही तर ओघळ येतो, अन् लोक तोच ओघळ बोटानं पसरवतात अन् मग तेच बोट कार्डावर उमटतं. माझी युक्ती मेंदीच्या कोनाची. रिकामा कोन करा किंवा जाड प्लास्टिकची पिशवी कापून वळा, त्यात गम भरा, तोंडाला टेपनं बंद करा, टोकाला सुईएवढं छिद्र. आपल्याकडं कोन धरायचा हात ज्या बाईला येतो तिला गमची बारीक रेघ मारणं शिकवावं लागत नाही! काम झालं की टोकात टाचणी खोचून ठेवायची, डोक्याला रंगीत मणी असलेली, म्हणजे सापडते पण. डोळ्यात टाकायच्या औषधाची रिकामी बाटली पण चालते, पण ती धुऊन, लेबल काढून, वर मोठ्या अक्षरात गम लिहून ठेवा, घरात म्हातारं माणूस असेल तर त्या बाटलीच्या वाटेला जाऊच नका.

किती लावायचा? कागदाच्या कडेपासून दोन-तीन मिलिमीटर आत बारीक रेघ, मधे चार-पाच ठिपके. दाबल्यावर तो आपोआप पसरतो. कडेनं बाहेर आला म्हणजे जास्त झाला. मोठा पातळ कागद पूर्ण चिकटवायचाच असेल तर गम सपाट ब्रशनं पातळ थर देऊन लावा, मधून कडेकडं, अन् पाणी घालून पातळ करायचा मोह आवरा, पाणी घातलं की सुरकुती आलीच.

ग्लू स्टिक म्हणजे फेविस्टिक वगैरे. जर्मनीत हेंकेल कंपनीनं १९६९ साली प्रिट नावानं पहिली ग्लू स्टिक आणली, लिपस्टिक बघून ती कल्पना सुचली होती म्हणे, अन् खरंच वापर पण लिपस्टिकसारखाच करायचा, एक सेंटिमीटरच्या वर बाहेर काढायची नाही, नाहीतर मोडते. हिच्यात पाणी कमी म्हणून पातळ कागद, छापलेला फोटो, झेरॉक्स पेपर, घोटीव कागद यांना सगळ्यात चांगली, सुरकुती जवळजवळ येत नाही. पण जाड कार्डशीट धरून ठेवायची ताकद तिच्यात नाही, वर्षभरानं कोपरे उघडतात. कार्यानुभवाच्या तासाला पोरांना द्यायची असेल तर हीच द्या, बाकी काही देऊ नका.

डबल साइड टेप. मला विचाराल तर नवीन माणसानं पहिल्यांदा पैसे इथं घालावेत. पाणीच नाही त्यामुळं कागद वाकायचा प्रश्न नाही, वाळायची वाट नाही, हात घाण होत नाही. पातळ कागदासारखी असते ती टिश्यू टेप, सहा मिलिमीटर अन् बारा मिलिमीटर अशा दोन रुंदीच्या घेतल्या की सगळं होतं. एकच भानगड, एकदा टेकली की हलत नाही. म्हणून असं करा, टेप चारी बाजूंनी लावा, वरचा कागद पूर्ण सोलू नका, प्रत्येक पट्टीचं एक टोक इंचभर सोलून ते बाहेर दुमडून ठेवा, वरचा थर नीट जागेवर बसवा, सरळ आहे का बघा, मग एका हातानं दाबून दुसऱ्या हातानं ती शेपटी ओढत ओढत काढा. हे एकदा जमलं की कार्डं वाकडी लागणं बंद होतं. अन् टेपचा रोल उघड्यावर ठेवू नका, आपल्याकडची काळी माती वाऱ्यावर येऊन कडेला बसते अन् रोलच्या बाजूला काळी किनार तयार होते, ती मग पांढऱ्या कार्डावर रेघ म्हणून दिसते. झिपवाल्या पिशवीत ठेवा.

फोम टेप हिचीच जाड बहीण, एक ते तीन मिलिमीटर जाड, तिच्यानं वरचं चित्र उठून दिसतं. छोटे चौकोन कापा. कात्रीला तिचा गम चिकटून कात्री बसते, तेव्हा पात्यांना आधी खोबरेल तेलाचं बोट फिरवा अन् पुसून घ्या. पोस्टानं पाठवायच्या कार्डाला मात्र जाड फोम नको, पाकिटात दबून त्याचा चौकोन वरून उमटतो.

साधी पारदर्शक टेप, सेलोटेप, कार्डावर अजिबात नको. दोन उन्हाळे गेले की पिवळी पडते, टेप निघून जाते अन् डाग राहतो.

ग्लू गन. हिच्यावर मला जास्त बोलायचंय कारण सगळे पहिल्यांदा हीच विकत घेतात, व्हिडिओत बघून. लहान गनला सात मिलिमीटरची काडी लागते, मोठीला अकराची, उलटी घेतली की परत दुकानात. गनचं खरं काम उंचसखल वस्तूंचं, कापडी फूल, लेस, सुपारी, शंख, नारळावरची सजावट, जिथं मधली पोकळी भरून काढावी लागते. सपाट कागदावर सपाट कागद गननं चिकटवणं म्हणजे भाकरीवर विटेचा तुकडा ठेवणं, खाली फुगवटा दिसतोच. अन् ऊन. ही काडी प्लास्टिकचीच, गरम झाली की मऊ होते, म्हणूनच तर ती गनमधून येते. मी एका लग्नाची आहेराची पाकिटं कुंदन लावून गननं केली होती, मे महिना, घरच्यांनी पिशवी गाडीत मागच्या काचेखाली ठेवली अन् गाडी मंगल कार्यालयाबाहेर उन्हात तीन तास. बाहेर बेचाळीस-त्रेचाळीस असलं की बंद गाडीत साठच्या आसपास सहज जातं. पिशवी उघडली तर कुंदन सगळे पिशवीच्या तळाला, अन् पाकिटांवर मधाच्या थेंबासारखे चकचकीत ठिपके. नवरीच्या मामानं तशीच वाटली, वर म्हणला डिझाइन छान आहे. तेव्हापासून मार्च ते जून गन माळ्यावर. अन् गन वापरलीच तर बोटानं दाबू नका, बर्फाच्या पाण्यात बुडवलेलं सिलिकॉनचं टोक किंवा चमच्याची मागची बाजू, कारण कातडीला चिकटलेला गरम गम पुसला जात नाही, तो तिथंच भाजत राहतो. भाजलंच तर ओढायचा नाही, आधी थंड पाण्याच्या नळाखाली हात.

मोती, कुंदन, आरसे, टिकल्या यांना मग काय? कागदावर साधी टिकली असेल तर तिला स्वतःचा गम असतोच, पण तो कपाळासाठी बनवलेला, कार्डावर महिन्याभरानं निघतो, तिच्याखाली पांढऱ्या गमचा टाचणीच्या डोक्याएवढा थेंब द्या. प्लास्टिक अन् काचेच्या वस्तूंना दागिन्यांवाल्यांकडं बी-७००० नावाची ट्यूब मिळते, लांब सुईसारखं नोझल असलेली, ती पारदर्शक राहते, वाळल्यावर थोडी लवचिक असते, म्हणून कार्ड वाकवलं तरी खडा उडत नाही. पण चोवीस तास तिला हात लावायचा नाही. वास उग्र, खिडकी उघडी ठेवून काम करा. कापडी लेस अन् जरीला फॅब्रिक ग्लू, पांढऱ्या गमनं जरतार कडक होते अन् काळपट दिसते.

इन्स्टंट ग्लू, ते एका थेंबात चिकटणारं, ते कागदाला नको म्हणजे नकोच. ते हवेतल्या ओलाव्यानं वाळतं, कागदात खोल झिरपतं अन् तेवढा भाग तेलकट, पारदर्शक, कडक होतो, गडद रंगाच्या कागदावर त्याच्या वाफेनं आजूबाजूला पांढरी राखाडी छटा येते. अजून एक गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते, सुती कापडावर किंवा कापसावर ते जास्त सांडलं तर इतकं तापतं की चटका बसतो, धूर पण येतो. म्हणून सांडलं तर कापसानं पुसायला जाऊ नका. बोटं चिकटली तर जोर लावून ओढू नका, कोमट साबणाच्या पाण्यात धरून हळूहळू लाटल्यासारखी सोडवा, नेलपॉलिश काढायचं ॲसिटोन असेल तर त्यानंही सुटतं.

चप्पलवाल्याकडचं पिवळं सोल्युशन, रबरवालं, हे दोन्ही बाजूंना पातळ लावून दहा मिनिटं वाळू द्यायचं अन् मग टेकवायचं. चामडं, रेक्झिन, जाड पुठ्ठ्यावर कापड, अशा कामाला एक नंबर, पाणी नसल्यामुळं सुरकुती पण नाही. पण काही वर्षांत पिवळं पडून कागदातून वर दिसतं, अन् त्याची वाफ पेट घेते, गॅसच्या शेजारी ओट्यावर बसून हे करणाऱ्या बाया मी बघितल्यात, कृपा करून नका करू.

अन् आपली खळ. हसू नका. मोठ्या पृष्ठभागावर पतंगी कागद लावायचा असेल, आकाशकंदील, पुठ्ठ्याच्या डब्यावर कागद, तर खळीसारखं दुसरं नाही. एक वाटी मैदा, आधी एक वाटी थंड पाण्यात गुठळी न ठेवता कालवा, मग अजून तीन-चार वाट्या पाणी घालून मंद आचेवर ढवळत राहा, पांढरट रंग जाऊन काचेसारखी झाक आली की उतरवा, थंड करून जुन्या ओढणीतून गाळा. गाळायला विसरलात तर प्रत्येक गुठळी कागदाखाली पुटकुळीसारखी दिसेल. खळ हळू वाळते म्हणून कागद सरकवून नीट बसवायला वेळ मिळतो, हा तिचा खरा फायदा. आमची आजी चिंचोक्याची करायची, चिंचोके भाजून टरफल काढायचं, रातभर भिजवून वाटायचे अन् शिजवायचे, ती मैद्यापेक्षा जास्त धरते पण रंग थोडा तपकिरी येतो. खळीचा दोष एकच, ती अन्न आहे, त्यामुळं कसर अन् झुरळं तिला खातात, उन्हाळ्यात दुसऱ्या दिवशी आंबते. बाइंडिंगवाले तिच्यात मोरचूद टाकतात, पण ते विष आहे, घरात पोरं असताना नको, लवंगेच्या तेलाचे चार थेंब टाका अन् फ्रिजमध्ये तीन-चार दिवसांत संपवा.

डिंकाचं एकच काम मी करते, पाकिटाच्या झाकणाचं. बाभळीचा डिंक रातभर पाण्यात भिजवून मधाएवढा दाट करायचा, चिमूटभर साखर, झाकणाच्या पट्टीवर ब्रशनं लावून पूर्ण वाळू द्यायचा. मग ज्याला पाकीट बंद करायचं त्यानं ओलं बोट फिरवलं की चिकटतं, विकतच्या पाकिटासारखं. वाळवताना पाकिटं एकावर एक ठेवायची नाहीत, हे सांगायला पाहिजे का? पाहिजे, मी ठेवली होती. अन् किराणा दुकानात डिंक मागताना कतीरा घेऊ नका, तो विरघळत नाही, नुसता फुगून बसतो.

आता ऋतूचं बघा. एप्रिल-मेमध्ये दुपारी पांढऱ्या गमवर लावता लावताच साय येते, म्हणजे वरून वाळलेला, खाली ओला, अन् मग दाबलं तरी पकड नाही. त्या दिवसांत सकाळी लवकर काम करा, कूलरच्या थेट झोतात बसू नका, एका वेळी एकाच कार्डाला गम लावा. पावसाळ्यात उलटं, कागद आधीच हवेतला ओलावा पिऊन ढिला झालेला असतो, गम वाळता वाळत नाही, राख्यांची कामं नेमकी तेव्हाच येतात. कागदाचे ताव उभे ठेवू नका, आडवे, प्लास्टिकमध्ये गुंडाळून, अन् काम केलेली कार्डं दुप्पट वेळ दाबून ठेवा.

हत्यारांचं थोडक्यात सांगायचं ठरवलं होतं, बघू.

कटर. मोठा अठरा मिलिमीटरवाला पुठ्ठ्यासाठी, कार्डाला नऊ मिलिमीटरचा बारीक. पातं तोडून पुढं घ्यायचं असतं, त्यासाठीच त्यावर तिरक्या खुणा आहेत, पण लोक एकच टोक वर्षभर वापरतात अन् मग म्हणतात कागद फाटतो. जाड कार्ड एका फटक्यात कापायचं नाही, हलक्या हातानं तीन-चार वेळा. पट्टी स्टीलचीच पाहिजे, प्लास्टिकची पट्टी कटर सोलत जातो अन् पुढच्या वेळी रेघ वाकडी. तोडलेली पाती कचऱ्यात मोकळी टाकू नका, कचरा वेचणाऱ्या माणसाच्या हाताचा विचार करा, बामच्या रिकाम्या डबीत साठवा अन् भरली की टेपनं बंद करून टाका.

खाली कटिंग मॅट, ए४ आकाराची पुरते, ए३ असेल तर चैन. ती उन्हात किंवा गॅलरीत ठेवली की वाकडी होते अन् परत सरळ होत नाही. मॅट नसेल तर लग्नपत्रिकेच्या बॉक्सचा जाड पुठ्ठा चालेल, काच वापरू नका, काचेवर पातं लगेच बोथट होतं.

घडी. कार्ड दुकानातलं वाटतं का घरचं वाटतं हे गमपेक्षा घडीवर ठरतं, असं माझं मत आहे. कार्डाला २५० ते ३०० जीएसएमचा कागद लागतो (जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन, झेरॉक्सचा ७०-८० असतो, त्यावरून अंदाज घ्या), एवढा जाड कागद नुसता हातानं दुमडला की घडीवर तडे जातात, रंगीत कागदात आतला पांढरा दिसतो. आधी तंतूंची दिशा शोधा, ताव न मोडता हलकेच वाकवा, एकदा आडवा, एकदा उभा, ज्या बाजूनं सहज वाकतो त्या दिशेनं घडी पाडायची. मग पट्टी धरून संपलेल्या बॉलपेननं, म्हणजे शाई नसलेल्या रिफिलनं, एक रेघ दाबून मारा. बोन फोल्डर म्हणून हत्यार मिळतं, छान असतं, पण त्याच्याशिवाय काही अडत नाही, क्रोशाची सुई पण चालते. एक बारकी गोष्ट, रेघ कार्डाच्या बाहेरच्या बाजूला मारायची, म्हणजे उलट बाजूला जो उंचवटा येतो तो घडीच्या आत जातो. बहुतेकजण उलटं करतात अन् घडीला ताण येतो.

हातकागद वापरणार असाल तर हा नियम ढिला होतो. दौलताबादजवळ कागजीपुरा गाव आहे, तुघलकानं १३२७ मध्ये राजधानी दिल्लीहून दौलताबादला हलवली तेव्हा आलेल्या कारागिरांपासून तिथं हातकागदाची परंपरा सांगतात. हातानं उचललेल्या तावात तंतू सगळीकडं पसरलेले, म्हणून त्याला ठरावीक दिशा अशी फारशी नसते. हा कागद गम मात्र दणकून पितो, पहिला पातळ थर द्या, तो जिरू द्या, मग दुसऱ्या थरावर चिकटवा. अन् याची कड कात्रीनं कापून त्याची शान घालवू नका, घडी करून त्या रेघेवर ओला ब्रश फिरवा, मिनिटभर थांबा अन् हळू ओढून फाडा, केसाळ कड येते ती बघत राहावी अशी.

क्विलिंगला, म्हणजे कागदाच्या पट्ट्या गुंडाळून नक्षी करायला, विकतची सळई घ्यायची घाई नको. मोठ्या डोळ्याची गोणी शिवायची सुई, तिच्या डोळ्याचं वरचं टोक पकडीनं तोडलं की फट तयार होते, दुसरं टोक खडूच्या तुकड्यात नको, लाकडी पेन्सिलीच्या मागच्या रबरात खोचा. तीन अन् पाच मिलिमीटरच्या पट्ट्यांनी सुरुवात करा. गम फक्त शेवटच्या टोकाला, टूथपिकच्या अणीनं.

कागदाचे आकार पाडायचा पंच मात्र स्वस्तातला घेऊ नका, अन् बोथट झाला तर जेवण बांधायच्या ॲल्युमिनियम फॉइलच्या चार घड्या करून आठ-दहा वेळा पंच करा, परत चालतो. भुवयांचा चिमटा, कपड्याचे लाकडी चिमटे, कागदाची कात्री वेगळी अन् कापडाची वेगळी, बस.

तर त्या पंचवीस कोपी. अजून दोन रात्री होत्या. सगळी साल परत काढली, बाहेरच्या बाजूवरून शून्य नंबरच्या पॉलिश पेपरचा एकच हात फिरवला म्हणजे मेणाची चमक गेली, अन् यावेळी गरवाली बाजू खाली घेतली. पाच-पाच साली वरच्या टोकाला पिवळ्या दोऱ्यानं बांधल्या, खऱ्या कोपीला बांधतात तशा, त्यामुळं निम्मा भार दोऱ्यावर गेला. ही कोप आधी वेगळ्या कार्डशीटच्या तुकड्यावर कोनानं बारीक रेघ मारून बसवली, पाट्याखाली रातभर दाबली, अन् सकाळी तो तुकडाच टिश्यू टेपनं कार्डावर लावला, म्हणजे मुख्य कार्डाला पाण्याचा थेंब लागला नाही. पाकीट कार्डापेक्षा अर्धा इंच मोठं घेतलं अन् कोपीभोवती मधे भोक पाडलेला पुठ्ठ्याचा चौकोन सरकवला, दबू नये म्हणून. पंचवीसमधलं एक खराब झालं, ते सासूबाईंनी देवघराशेजारी लावलंय, कोप अजून पडलेली नाही, दोरा मात्र थोडा उडालाय.